न विचारलेलं शून्य

हाडांच्या वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरला सगळे तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे तोफ. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि खरं सांगायचं तर दुसरं तिला जास्त आवडायचं. चोवीस खाटा, नऊ नर्सेस, तीन पाळ्या आणि कुलूप न लागणारं एक कपाट, एवढा संसार ती सव्वीस वर्षं रेटत आली होती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. डॉक्टरांनी घाईत गिचमीड लिहिलं की कागद परत पाठवायची, आणि डॉक्टरही मुकाट्याने पुन्हा लिहून द्यायचे.

म्हणून त्या सकाळी सभागृहात तिच्या वॉर्डाचं कौतुक झालं तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. सहा रुग्णालयांत दहा महिने एक मोठा अभ्यास चालू होता. ऑपरेशननंतर कोणाला किती दुखतं, कोण किती दिवसांत उभं राहतं, आणि वेगवेगळ्या भाषांच्या, वेगवेगळ्या वस्त्यांतल्या लोकांत यात काय फरक पडतो, ते शोधायचं होतं. अभ्यास करणाऱ्या मॅडम हुशार होत्या, बोलायला मऊ, सिस्टर लोकांना आधी खुर्ची देऊन मग स्वतः बसणाऱ्या. त्यांनी सांगितलं की सहाही ठिकाणी मिळून एकच वॉर्ड असा आहे, जिथे एकसुद्धा रकाना रिकामा नाही. टाळ्या पडल्या. ताईने उभं राहून मान जराशी हलवली आणि ती परत बसली. चेहऱ्यावर दाखवलं नाही, पण मनातून ती चांगलीच सुखावली होती.

मग मॅडमनी पडद्यावर दोन खांब दाखवले. एक माणसाएवढा, दुसरा त्याच्या गुडघ्याला लागेल एवढा. मोठा खांब शहरातल्या लोकांच्या दुखण्याचा, बुटका खाणीवरच्या लोकांचा. खाणीवरची माणसं शहरामागच्या टेकडीवर राहत, दगड फोडत, आणि त्यांची बोली इथल्या कोणाला कळत नसे. हात-पाय मोडला की ती याच रुग्णालयात, ताईच्याच वॉर्डात येत.

"ऑपरेशन तेच, जखम तीच," मॅडम म्हणाल्या. "तरी या लोकांना निम्म्याहून पुष्कळ कमी दुखतं. विलक्षण सोशिक माणसं आहेत. मग एवढं जड औषध आपण त्यांना उगाच का द्यायचं? गुंगी येते, पोट बिघडतं."

अधीक्षकांनी मान डोलावली. खाणीवरच्या रुग्णांचं दुखण्याचं औषध निम्मं करायचं, असं पत्रक तीन आठवड्यांपूर्वीच ताईच्या वॉर्डात चाचणी म्हणून लागू झालं होतं. आता ते सहाही रुग्णालयांत जाणार होतं. त्याआधी प्रत्येक इनचार्जने एका कागदावर सही करून द्यायची होती की माझ्या वॉर्डातल्या सर्व नोंदी रुग्णाला प्रत्यक्ष विचारून घेतल्या आहेत. सहीची आणि नोंदींचीही मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

ताईने कागदाची घडी केली आणि खिशात टाकली. जिना उतरताना 'प्रत्यक्ष विचारून' हे दोन शब्द तिला चपलेत खडा शिरल्यासारखे टोचायला लागले.

कारण विचारलं नव्हतं. नोंद दिवसातून तीनदा व्हायची, सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला. नर्सने टॅब घेऊन खाटेपाशी जायचं आणि विचारायचं, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचं किती? शहरातले रुग्ण पटापट आकडे सांगत. काही तर साडेसात सांगून घासाघीस करत. खाणीवरच्या माणसांना प्रश्नच कळायचा नाही. ज्यांना दोन्हीकडचं बोलता येई त्या त्यांच्या लेकी-सुना यायच्या भेटीच्या वेळी, चार ते सहा. त्या दोन तासांत नोंद नसायची आणि नोंदीच्या वेळी त्या नसायच्या. आणि टॅब असला हट्टी की आकडा घातल्याशिवाय पुढच्या रुग्णावर सरकायचाच नाही.

पहिल्याच आठवड्यात धाकटी सिस्टर टॅब घेऊन आली होती. "ताई, हा पुढंच जात नाही. यांना बोलणं कळत नाही, मी काय घालू?"

ताई तेव्हा औषधांची यादी तपासत होती. तिने मान वर न करता विचारलं होतं, "रडतायत का? ओरडतायत का?"

"नाही, ताई."

"मग शून्य घाल आणि पुढं चल."

एवढंच. ते एक वाक्य तीन पाळ्यांत फिरलं, नव्या मुलींना जुन्या मुलींनी शिकवलं, आणि दहा महिन्यांत ते वॉर्डाचा नियम होऊन बसलं. ताई ते कधीच विसरून गेली होती.

वॉर्डात शिरल्यावर तिची नजर अकरा नंबरवर गेली. तिथे खाणीवरच्या एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले होते. दिवसभर डोळे मिटून, तोंड मिटून बारीक आवाजात हं हं करत पडून राहायच्या. नर्सेसनी त्यांना गाणाऱ्या आजी असं नाव ठेवलं होतं. ताईनेही किती वेळा जाता-येता त्यांच्या पायावरची चादर सारखी करून म्हटलं होतं, आजी आज खुशीत दिसतायत. त्यांच्या कागदावर मात्र फिजिओने रोज एकच शेरा मारला होता: सहकार्य नाही. आजी उभ्याच राहायला तयार नव्हत्या. पाय खाली सोडायला गेलं की त्या पलंगाची दांडी धरून ठेवायच्या. हाडांच्या डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं की या आठवड्यात उभ्या राहिल्या नाहीत तर त्या परत चालणार नाहीत, आणि अशी बाई पडून राहिली की छातीत कफ भरायला वेळ लागत नाही.

चार वाजता आजींची सून आली. काटक बाई, हाताच्या रेषांत दगडाची पांढरी धूळ, घासूनही न गेलेली.

"अगं, जरा इकडे ये," ताई म्हणाली. "तुझ्या सासूला विचार बरं, किती दुखतंय ते."

सुनेने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "त्यात विचारायचं काय, बाई? तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"काय ऐकू यायचंय?"

"हे काय, ती करतेय ते."

"गातायत ना त्या?"

सून हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "खाणीत ओरडायचं नसतं, बाई. सुरुंग पेटवला की मुकादम ओरडतो, आणि ओरडणं कानावर आलं की हातातलं टाकून पळायचं. आता कोणाच्या बोटावर दगड पडला आणि तो ओरडला, तर शंभर माणसं पळणार, दोन-चार कड्यावरून खाली जाणार. म्हणून आम्हाला चालायला लागायच्या आधी तेच शिकवतात. दुखलं की तोंड मिटायचं आणि हं हं करायचं. जास्त दुखलं तर जास्त वेळ."

ताईने आजींकडे पाहिलं. "या किती वेळ करतायत?"

"सोळा दिवस थांबलीच कुठं ती? झोपेतपण करते. मी वॉर्डात सांगितलं होतं एकदा. तुमची मुलगी म्हणाली, आजी छान गातात."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाळी संपल्यावर ती घरी न जाता टेबलाशी बसली आणि टॅबवरच्या नोंदी एकेक करून उलटल्या. खाणीवरचे अडतीस रुग्ण. अकराशेच्या वर नोंदी. त्यातली एक हजार एकेचाळीस शून्यं. एकही रकाना रिकामा नाही म्हणून टाळ्या पडल्या होत्या त्या याच्यासाठी.

घरी नवरा शेंगा निवडत बसला होता. बस डेपोत वेळापत्रक सांभाळून निवृत्त झालेला माणूस. कुठलीही गोष्ट वेळेत आटपावी, हे त्याचं तत्त्व. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "तुझे आठ महिने राहिलेत. सही कर आणि मोकळी हो. मॅडमचा अभ्यास मॅडम बघतील. उगाच सगळं तुझ्या अंगाशी येईल."

"अंगाशी यायलाच हवं. केलंय कोणी?"

"सगळीकडे असंच करत असतील गं."

"असतील. मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये."

नवऱ्याने चार शेंगा मोडल्या. "मग मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये. सांगतेय." ती आत गेली आणि उद्याच्या पोशाखाला इस्त्री करायला लागली. रागाने केली तरी इस्त्री तिची नेहमीसारखीच कडक झाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती अधीक्षकांच्या खोलीत उभी राहिली. मॅडमही तिथेच होत्या. खुर्ची दिली तरी ती बसली नाही. तिने शून्यांची सगळी हकिकत सांगितली, वेळा सांगितल्या, आकडा सांगितला, आणि ते वाक्य कोणाच्या तोंडचं तेही सांगितलं.

अधीक्षकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "सिस्टर, काल भर सभेत तुमच्या टाळ्या झाल्या आणि आज तुम्ही हे सांगताय?"

"काल मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे."

मॅडमनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "हे बघा, एवढ्या मोठ्या अभ्यासात चुका राहतातच. हजारो नोंदींत त्या विरून जातात."

"इकडच्या थोड्या, तिकडच्या थोड्या असत्या तर विरल्या असत्या, मॅडम. या सगळ्या एकाच बाजूच्या आहेत. या साचतात. तुमचा तो बुटका खांब म्हणजे माझं शून्य आहे. खाणीवाल्यांचं दुखणं त्यात कुठंच नाही. ते कोणी मोजलंच नाही."

"पण मग 'विचारता आलं नाही' असं लिहायचं होतं ना."

"कुठं लिहायचं होतं? तुमच्या टॅबवर ती जागाच नाही."

मॅडमनी पुढ्यातला टॅब चालू केला, बोटाने दोनदा वरखाली केलं आणि पुन्हा खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

अधीक्षकांना मात्र वेगळीच काळजी होती. अहवाल आठवड्याभरात जायचा होता, वरच्या लोकांना कळवून झालं होतं. ते म्हणाले, "म्हणजे खोट्या नोंदी केल्याचं तुम्ही स्वतः कबूल करताय. चौकशी लागेल."

"लावा. मुलींना त्यात ओढू नका. त्यांनी मी सांगितलं ते केलं."

"उद्या सकाळपासून वॉर्डाचा चार्ज तुमच्याकडे राहणार नाही. तुम्ही खाली जुन्या कागदांच्या खोलीत बसा. ही सही नवी इनचार्ज करेल."

ताईने फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे आजचा दिवस चार्ज माझा?"

"आज सहापर्यंत."

"ठीक आहे." तिने टेबलावरचं पेन उचललं, न विचारता उचललं, आणि सहीच्या कागदावरचा मजकूर खोडून खाली लिहिलं: माझ्या वॉर्डातली एक हजार एकेचाळीस शून्यं रुग्णांनी सांगितलेली नाहीत. ती मी घालायला लावली. त्याखाली तिने सही केली, तारीख घातली आणि कागद अधीक्षकांपुढे सरकवला.

"याचा काही उपयोग नाही," अधीक्षक म्हणाले.

"असू दे. पण याच्यावर सही आहे, आणि खरी आहे." ती वळून बाहेर पडली.

चार वाजता सून आली तेव्हा ताई वॉर्डाच्या दारातच टॅब घेऊन उभी होती. "आज तुला माझ्याबरोबर हिंडायचंय. तुमच्याकडचे सात जण आहेत वॉर्डात. मी विचारीन, तू त्यांच्या बोलीत विचार, आणि ते म्हणतील ते जसंच्या तसं सांग. आपल्या पदरचं काही घालू नकोस, माझी भीड धरू नकोस."

आधी त्या दोघी अकरा नंबरपाशी गेल्या. ताई स्टूल ओढून बसली आणि तिने प्रश्न विचारला. सुनेने तो त्यांच्या बोलीत सांगितला. आजींचं हं हं थांबलं. त्यांनी डोळे उघडून ताईकडे बराच वेळ पाहिलं, मग पुष्कळ काही बोलल्या. सून घुटमळली.

"सांग," ताई म्हणाली.

"ती म्हणतेय, सोळा दिवस माझं अंग पुसलंस, केस विंचरलेस, चादर ओढलीस. मग एवढंच विचारायला तुला काय झालं होतं?"

धाकटी सिस्टर शेजारच्या खाटेशी पट्टी बदलत होती, तिचे हात थांबले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही.

"सांग त्यांना, काही झालं नव्हतं. मला वाटलं, न विचारता मला कळतं. चुकलं माझं."

सुनेने सांगितलं. आजींनी थोडा विचार केला आणि आणखी काही बोलल्या.

"ती विचारतेय, तुमचे आकडे दहालाच संपतात का."

"संपतात."

"मग दहा लिहा म्हणते. तुमची अडचण आहे म्हणून."

ताईने दहा लिहिलं. सातच्या वर आकडा गेला की हाडांच्या डॉक्टरांच्या फोनवर घंटा वाजायची आणि त्यांनी पाव तासात येऊन औषध पुन्हा बघायचं, असा नियम होता. शहरातल्या रुग्णांसाठी ती घंटा रोज वाजत होती. खाणीवरच्या माणसांसाठी दहा महिन्यांत आज पहिल्यांदा वाजली. ताई पुढच्या खाटेकडे गेली. तिथे आठ. त्यापुढे नऊ. खिडकीपाशी पाय लटकवून बसलेला एक तरुण गडी म्हणाला, दोन. सुनेने पुन्हा विचारलं, तरी दोनच म्हणाला. ताईने दोन लिहिलं. त्यापुढच्या तिघांचे आठ, दहा, नऊ.

जिन्यावर धावण्याचा आवाज आला आणि डॉक्टर धापा टाकत आत शिरले. त्यांच्यामागे मॅडमही होत्या. "ताई, टॅब बिघडलाय का? एका वॉर्डातून सहा घंट्या?"

"आज पहिल्यांदा नीट चाललाय. अकरा नंबरला दहा आहे. पूर्ण औषध लिहा."

"पण पत्रकात निम्मं आहे."

"मग पत्रक घ्या आणि अकरा नंबरला वाचून दाखवा. ही सून त्यांना समजावून सांगेल. त्या हो म्हणाल्या तर निम्मं द्या."

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम आजींकडे पाहत होत्या. आजींनी पुन्हा तोंड मिटून हं हं सुरू केलं होतं, आणि सून मॅडमना सांगत होती की ते काय आहे. मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तुम्ही आकडा बघून लिहा." डॉक्टरांनी सहाही जणांचं औषध पूर्ण लिहिलं, आणि मुख्य म्हणजे सुवाच्य लिहिलं.

सहाला दहा मिनिटं असताना टेबलावरचा फोन वाजला. अधीक्षक होते. नोंदींची मुदत दुपारीच संपली, आजच्या नोंदी धरल्या जाणार नाहीत, त्या पुसून टाकल्या जातील, असं ते म्हणाले.

"पुसा की, साहेब," ताई म्हणाली. "औषध शिरेत गेलंय." आणि तिने फोन ठेवला.

मॅडम जाता जाता सुनेपाशी थांबल्या. "तुम्ही सकाळी सहाच्या नोंदीला येऊ शकाल का?"

"मी तर उतरतेच त्या वेळी टेकडीवरून," सून म्हणाली. "तुमचंच दार बंद असतं."

दुसऱ्या दिवशी जुन्या कागदांच्या खोलीत ताईला नऊ वाजता जायचं होतं. ती पावणेसहालाच रुग्णालयाच्या फाटकात हजर झाली, बरोबर सून आणि टेकडीवरच्या आणखी दोघीजणी. पहारेकऱ्याने हात आडवा केला. "ताई, भेटीची वेळ चारची आहे."

"भेटायला नाही आल्या. कामाला आल्यात."

"वरून परवानगी आहे?"

"नाही. तू आमची तक्रार कर. नाव माझं लिही, सगळ्यात वर."

सव्वीस वर्षांची तोफ समोर उभी; पहारेकरी बाजूला झाला. वर वॉर्डात धाकटी सिस्टर नवी इनचार्ज म्हणून टॅब घेऊन अकरा नंबरपाशी उभी होती. या चौघींना पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. अधीक्षकांनी तिला काय बजावलं असेल हे ताईला न सांगता कळत होतं, म्हणून ती एक शब्द बोलली नाही. धाकटीने टॅबकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग सुनेला म्हणाली, "वहिनी, आजींना विचारा. किती?"

"चार," सून म्हणाली. धाकटीने चार लिहिलं.

आजी कोपरावर भार देऊन अर्ध्या उठल्या होत्या. पलंगाची दांडी त्यांनी सोडली होती आणि एक पाय चादरीबाहेर आला होता. त्या ताईकडे बघून काहीतरी बोलल्या, जरा तोऱ्यातच.

"ती म्हणतेय, विचारून झालं असेल तर हात दे."

ताईने हात दिला.